नेट आहे, पण सर्व्हर सापडत नाही: एका दूध संस्थेच्या लॅपटॉपचं प्रकरण

“ताई, नेट हाय, पर सर्व्हर घावंना.”

मे महिना संपत आला होता. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील, तेव्हा अण्णांचा फोन आला. अण्णा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करते आणि आजूबाजूच्या आठ-दहा दूध संस्था माझ्याकडे आहेत. साडेसहा म्हणजे संकलनाची ऐन वेळ. फोनमध्ये मागून किटल्यांचा खणखणाट येत होता आणि कुणीतरी सारखं म्हणत होतं, “वहीत लिव्हा की, वहीत लिव्हा.”

वहीत लिहायची वेळ येते म्हणजे काय होतं, ते आधी सांगायला हवं. एरवी काउंटरवरच्या लॅपटॉपला वजनकाटा आणि फॅट मशीन तारेनं जोडलेलं असतं. सभासदाचा नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातला बाकीचा घन भाग) आपोआप चढतात, दरपत्रकावरून रक्कम निघते आणि पावती बाहेर येते. पण सभासदांची यादी, दरपत्रक, उचल, पशुखाद्याची बाकी हे सगळं अंगणापलीकडच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. लॅपटॉपला तो दिसला नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. मग टेस्टर दादा मशीनवरचा आकडा ओरडून सांगतो, मापाडी तो वहीत उतरवतो आणि रात्री जेवण झाल्यावर अण्णा चष्मा लावून एकेक ओळ कॉम्प्युटरवर चढवत बसतात.

बिलाच्या त्या दहा दिवसांत ११७ नंबरच्या आजींचं दोन वेळचं दूध १७१ नंबरवर चढलं होतं. घाईत लिहिलेले एक आणि सात, दुसरं काही नाही. आजींच्या दावणीला एकच म्हैस. बिल हातात पडल्यावर त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं ऐतवारचं दूध कुठं गेलं?” अण्णांनी चूक शोधून दुरुस्त केली, पैसेही दिले. मला मात्र हे कळल्यापासून तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे जे केलं ते ‘एक लॅपटॉप चुकीच्या वाय-फायला जातो’ एवढ्या कोरड्या कारणासाठी केलेलं नाही.

पहिली फेरी, आणि वाया गेलेला पाऊण तास

जागेची कल्पना यावी म्हणून थोडं वर्णन करते. संकलनाचा हॉल नवा आहे, पत्र्याचा. त्याच्यासमोर टँकर वळण्यापुरतं अंगण आणि पलीकडे जुनी दगडी इमारत, तिच्यात ऑफिस. तिथल्या भिंती हाताच्या लांबीएवढ्या जाड. राउटर ऑफिसात, लॅपटॉप हॉलमध्ये. दोन्हींच्या मध्ये पूर्वी वरून तार टाकली होती. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्या तारेनं राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हींची पोर्टं जाळली. तेव्हापासून कमिटी तारेचं नावही काढू देत नाही. उघड्यावरून दोन इमारतींमध्ये ओढलेल्या तांब्याच्या तारेबद्दलची ही धास्ती माझ्या मते रास्तच आहे. त्यामुळे वाय-फायवरच भागवायचं होतं.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात वाय-फायची सगळी कमानं भरलेली. ब्राउझर उघडला, नेट चालू. सॉफ्टवेअर मात्र म्हणतंय, सर्व्हर सापडत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.१०. त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का रे तिथे?’ असं विचारलं. चारही वेळा उत्तर आलं, तेही चार-पाच मिलिसेकंदांत.

नेटवर्क ठीक आहे असा माझा निष्कर्ष झाला आणि इथेच मी चुकले. मी ऑफिसात जाऊन मोठ्या कॉम्प्युटरच्या मागे लागले. डेटाबेसची सेवा बंद-चालू केली, फायरवॉल तपासली, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद ठेवून पाहिला. पाऊण तास गेला. अंगणापलीकडे वही चालूच होती. शेवटी मी मोठ्या कॉम्प्युटरची नेटवर्कची तार काढून परत खोचायचं ठरवलं आणि टेस्टर दादाला ओरडून सांगितलं, “पिंग बघत राहा, आता थांबेल.”

“थांबंना ओ ताई. याय लागलंय की अजून.”

तार माझ्या हातात होती. ज्या कॉम्प्युटरला पिंग चालू होतं त्याचा जगाशी संबंध तुटला होता, आणि तरी उत्तर येत होतं. म्हणजे उत्तर देणारं यंत्र हे नव्हतंच.

मी हॉलमध्ये परत आले आणि सुरुवातीलाच जे पाहायला हवं होतं ते आता पाहिलं. कमानं पाहिली होती, नाव पाहिलं नव्हतं. लॅपटॉप रस्त्यापलीकडच्या खताच्या दुकानाच्या वाय-फायवर बसला होता. दुकानाचा राउटर आणि संस्थेचा राउटर दोन्ही कारखान्यातून आले तसेच वापरात होते, त्यामुळे दोन्हींकडे पत्ते १९२.१६८.१ नंच सुरू व्हायचे. दुकानात १० नंबर पत्त्यावर होता कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. तो बिचारा इमानदारीनं उत्तर देत होता.

लॅपटॉप तिथे गेलाच कसा

अण्णांना विचारलं, “दुकानाचा पासवर्ड या लॅपटॉपला कुणी दिला?” मग मार्चमधली गोष्ट निघाली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली होती आणि तीन दिवस संस्थेचं नेट बंद होतं. दूध संघाला रोजचे आकडे पाठवायचे होते. दादानं दुकानदाराकडून पासवर्ड घेतला, लॅपटॉप त्या वाय-फायला जोडला, आकडे पाठवले, परत संस्थेच्या वाय-फायला आणला. तिन्ही दिवस तेच. त्यात गैर काहीच नव्हतं, अडचणीत शेजाऱ्याकडून असंच मागून घेतात.

पण विंडोजनं त्यातून स्वतःचा अर्थ काढून ठेवला. अनेकांना वाटतं की कॉम्प्युटर सगळ्यांत जोरदार सिग्नल निवडतो. तसं नाही. आजवर ज्या ज्या नेटवर्कला तो जोडला गेला त्यांची एक यादी त्याच्याकडे असते, आणि आजूबाजूला जी नावं ऐकू येतात त्यांपैकी यादीत सर्वांत वर जे असेल तिकडे तो आधी जातो. तुम्ही एका नेटवर्कवर असताना किंवा ते हाताशी असताना स्वतःच्या हातानं दुसरं निवडलं, की विंडोज धरून चालतं की या जागी तुम्हाला ते दुसरं जास्त पसंत आहे, आणि त्याला यादीत वर नेतं. दादाच्या लेखी ती तीन दिवसांची उसनवारी होती. लॅपटॉपनं ती कायमची आवड म्हणून लिहून घेतली. नंतर त्याला परत संस्थेवर आणताना बहुतेक वेळा हातानं न निवडता दुकान बंद झाल्यावर नुसतं झाकण मिटून उघडलं होतं, त्यामुळे क्रम तसाच राहिला.

मग रोज सकाळी सुरळीत का चालायचं? कारण दुकानदार रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो आणि सकाळी साडेआठला उघडतो. पहाटेच्या संकलनाला दुकानाचं नाव हवेत नसतंच, मग लॅपटॉप मुकाट्यानं संस्थेवर. संध्याकाळी झाकण उघडलं की दोन्ही नावं समोर आणि वरचं नाव दुकानाचं. शिवाय दुकानाचा सिग्नल खिडकीतून थेट यायचा, ७८ टक्के. संस्थेचा दगडी भिंतीतून झिरपत, ४५. क्रम या टक्क्यांनी ठरला नव्हता, पण कमानं भरलेली पाहून मला संशय आला नाही तो त्यांच्यामुळेच.

यादी पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, काळी खिडकी उघडून मी नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स ही आज्ञा दिली (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं). १४ नावं निघाली. संघाच्या ट्रेनिंग सेंटरचं वाय-फाय, जुन्या टेस्टरचा मोबाइल, कुठल्याशा लग्नाचा हॉल. हा क्रम येतो तो पसंतीचाच असतो, म्हणून तो नीट वाचावा. सर्वांत वर दुकान, दुसरी संस्था, तिसरं ग्रामपंचायत. पंचायतीच्या नावाकडे मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही. ते पुढे महागात पडलं.

विंडोज ७ मध्ये ही यादी कंट्रोल पॅनेलात समोर दिसायची, नाव धरून वर-खाली सरकवता यायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ती खिडकीच काढून टाकली. मला हा निर्णय आजही पटलेला नाही. यादी आहे, तिच्यावरूनच सगळं ठरतं, आणि माणसाला ती दिसत नाही. आता सेटिंगमध्ये ओळखीच्या नेटवर्कांची यादी मिळते, आपोआप जोडावं की नाही याची खूणही तिथेच बदलता येते, पण ठरावीक नाव पहिल्या क्रमांकावर बसवायचं तर आज्ञाच द्यावी लागते: सेट प्रोफाइलऑर्डर, मग नाव, वायरलेस कार्डाचं नाव आणि प्रायॉरिटी १.

मी त्या संध्याकाळी तीन गोष्टी केल्या. संस्थेला पहिल्या क्रमांकावर बसवलं. दुकानाचं नाव पुसलं नाही, कारण फायबर परत कधीही तुटू शकते. फक्त त्याचं आपोआप जोडणं बंद केलं, म्हणजे कुणी मुद्दाम दाबेल तेव्हाच लॅपटॉप तिकडे जाईल. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: संस्थेच्या राउटरमध्ये जाऊन पत्त्यांचा पट्टाच बदलला. १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.३७. मोठ्या कॉम्प्युटरला ३७.१० हा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवला आणि सॉफ्टवेअरमध्ये तो भरला. आता लॅपटॉप कुठेही भरकटला तरी त्या पत्त्यावरून दुसरंच कुणी ‘मी आहे’ असं म्हणणार नाही. पिंग फसलं तर ते खरोखर फसलेलं असेल. ज्या संस्थेत, दवाखान्यात किंवा शाळेत एकच कॉम्प्युटर बाकीच्यांचा आधार आहे, तिथे राउटर बसवल्याच्या दिवशीच हे करून घ्यावं.

या बदलाचा एक फटका मला बसला. हॉलमधल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला जुना पत्ता हातानं भरलेला होता आणि मी तो विसरले. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या मोबाइलवर कॅमेरे दिसेनात. त्यांचा फोन आला तो रागाचा होता, आणि रास्त होता. पट्टा बदलण्याआधी कोणकोणत्या यंत्रांना पत्ता हातानं दिलाय ते कागदावर लिहून घ्यायचं, हे मी तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही.

नावाचा प्रश्न

राउटर उघडलाच होता, तर नावही बदलू म्हटलं. कारखान्याचं नाव आणि शेवटी चार आकडे, अशी त्या गल्लीत तीन नावं होती. घाईत माणूस चुकणारच. अण्णांची इच्छा होती की नाव मराठीत असावं. मलाही ते आवडलं असतं. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे जास्तीत जास्त दहा चिन्हं. ‘दूधसंस्था’ यात नऊ भरतात, २७ बाइट. बसतं! मोबाइलवर ते सुरेख दिसलंसुद्धा. पण काळ्या खिडकीत त्याचे चौकोन झाले, आणि पुढे मला किंवा माझ्या जागी येणाऱ्या कुणाला आज्ञेत ते नाव टाइप करायची वेळ आली तर पंचाईत झाली असती. म्हणून रोमन अक्षरांत ठेवलं. अण्णांना वाईट वाटलं, मलाही.

त्यांनी आणखी एक सुचवलं होतं: “नावच लपवून टाकूया, म्हणजे कुणाला दिसायचंच नाही.” हे बरेच जण सुचवतात. मी नको म्हटलं. राउटर एरवी सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा. ते पुकारणं बंद केलं की शोधायचं काम लॅपटॉपच्या अंगावर येतं आणि तो जाईल तिथे, एसटी स्टँडवरसुद्धा, ते नाव घेऊन हाका मारत राहतो. लपायचं राहतं बाजूला, जोडणी मात्र संथ होते. चांगला लांब पासवर्ड हाच उपाय.

पहाटेचा घोळ

दहा-बारा दिवस शांततेत गेले. मी मनातून हे प्रकरण मिटवलं होतं. मग एका पहाटे पावणेसातला फोन. या वेळी दादा होता.

“ताई, आज नेटबी न्हाई आन् सर्व्हरबी न्हाई.”

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आधीची तक्रार होती ‘नेट आहे, सर्व्हर नाही’. आता होती ‘दोन्ही नाही’. शब्द वेगळे होते, कारण दुखणं वेगळं होतं. पण माझ्या कानांना ते तेच जुनं वाटलं आणि मी म्हटलं, “झाकण मिटून उघडा.” त्यांनी उघडलं, चालू झालं. चार दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. दादा म्हणाला, कधी होतं, कधी नाही, काही नेमच नाही.

नेम नाही असं कुणी म्हटलं की मी तारीख-वेळ लिहायला सांगते. त्या वहीच्या शेवटच्या पानावर दादानं आठवडाभर लिहिलं: बुधवारी ५:५०, शुक्रवारी ६:१०. मी शुक्रवारी आठच्या सुमाराला पोचले. आता घाई केली नाही. झाकण मिटू दिलं नाही, काही बंद-चालू केलं नाही. आधी नाव पाहिलं. ग्रामपंचायत.

पंचायतीचं वाय-फाय उघडं आहे, पासवर्ड लागत नाही. जोडलं गेलं की एक पान येतं, त्यावर मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यायचा, मग नेट सुरू. ते पान भरेपर्यंत बाहेरचं काही उघडत नाही. विंडोज जोडणी झाल्या झाल्या मायक्रोसॉफ्टच्या ठिकाणावरची एक चिमुकली फाइल मागवून पाहतं. ती आली नाही तर ‘इंटरनेट नाही’ असा शेरा मारतं. तोच शेरा समोर होता. म्हणून ‘नेटबी न्हाई’.

पण संस्था पहिल्या क्रमांकावर असताना लॅपटॉप पंचायतीकडे का जावा?

विंडोजकडे वाय-फायचा एक अहवाल असतो, नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट म्हटलं की तयार होतो. काळी खिडकी ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते. गेल्या तीन दिवसांत कधी जोडणी झाली, कधी तुटली, का तुटली, सगळं आलेखासकट एका पानावर. शुक्रवारची नोंद स्पष्ट होती: ६:०९ ला संस्थेचं नेटवर्क तुटलं. कुणी तोडलं नव्हतं, ते हवेतूनच नाहीसं झालं. मिनिटाच्या आत पंचायतीशी जोडणी. त्यानंतर काहीच नाही.

मी अंगण ओलांडून ऑफिसात गेले, राउटरचं पान उघडलं. त्यावर राउटर किती वेळ चालू आहे ते दिसतं. मला वाटलं होतं पंधरा-वीस दिवस असेल. लिहिलं होतं: १ तास ५८ मिनिटं. घड्याळात ८:०७ झाले होते. मागे मोजलं. ६:०९.

“अण्णा, सकाळी सहाला लाईट गेली होती का?”

“न्हाई. आमी हितंच हुतो की.”

लाईट गेली होती, पण क्षणभरच, डोळा मिटून उघडावा इतकीच. हॉल इन्व्हर्टरवर आहे, तिथे दिवासुद्धा लुकलुकला नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर यूपीएसवर, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या डब्यावर. फक्त राउटर आणि फायबरचा डबा भिंतीच्या बोर्डावर होते. यूपीएसला मागे तीन खाचा होत्या: एकीत कॉम्प्युटर, एकीत मॉनिटर, तिसरीत प्रिंटर. पहाटे गावात पिठाच्या गिरण्या, विहिरीवरच्या मोटारी सुरू व्हायला लागतात, वीज अशी क्षणभर जाते, आणि राउटर बंद पडून पुन्हा उठतो. उठायला त्याला दोन मिनिटं लागतात. एवढ्या वेळात लॅपटॉपनं आजूबाजूला पाहिलं, यादीतलं पंचायतीचं नाव दिसलं, जाऊन बसला. दोन मिनिटांनी संस्थेचं नाव पुन्हा हवेत आलं, पण लॅपटॉप आता एका जोडणीवर होता. जोडणी शाबूत असेपर्यंत तो सहसा जागा सोडत नाही, क्रम काहीही असो.

हे कळल्यावर मी काही वेळ तिथेच बसले. क्रम बरोबर लावला की काम झालं, असं मी धरून चालले होते. पण त्या एका क्षणाला हवेत कोणकोणती नावं आहेत यावर निवड ठरते. पहिल्या नंबरचा गडी दोन मिनिटं गैरहजर राहिला तर दुसऱ्याला संधी मिळणारच, आणि ती त्या गड्याला परत देण्याची सक्ती कुणावर नाही.

उपाय, क्रमानं नव्हे, महत्त्वानं

प्रिंटरचा प्लग यूपीएसवरून काढला आणि भिंतीत घातला. त्या खाचेत एक छोटी पट्टी लावून तिच्यावर राउटर आणि फायबरचा डबा घेतला. दोघं मिळून एखाद-दुसऱ्या एलईडी बल्बाइतकी वीज खातात, यूपीएसला जाणवतही नाही. प्रिंटर मात्र छापताना जोरात ओढतो, तो तिथे नकोच होता. या कामाला दहा मिनिटं आणि पट्टीचा खर्च लागला, आणि पहाटेचा घोळ मुळापासून गेला तो यामुळेच. पुढच्या मीटिंगमध्ये कमिटीनं राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मंजूर केला, म्हणजे लांबलेल्या भारनियमनातही राउटर जागा राहतो.

लॅपटॉपच्या यादीतून १४ पैकी ११ नावं पुसली. पंचायतीचं नाव पुसून पुरणार नव्हतं, कारण ते उघडं आहे. कुणीही एक बोट लावलं आणि आपोआप जोडण्याची खूण तशीच राहिली की परत यादीत. म्हणून फिल्टरची आज्ञा देऊन ते नाव या लॅपटॉपपुरतं अडवलं. आता ते यादीत दिसतच नाही. हा बंदोबस्त कडक आहे आणि केल्याचं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लॅपटॉपच्या झाकणाखाली चिठ्ठी चिकटवली: पंचायतीचं वाय-फाय मुद्दाम अडवलंय, तारीख, माझं नाव.

मुख्य निर्णय असा घेतला की या लॅपटॉपला आपोआप जोडलं जाणारं एकच नेटवर्क असेल. सर्व्हर तिथे आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मग पर्यायी नेटवर्काचा उपयोग काय? चुकीच्या ठिकाणी जोडलेला लॅपटॉप निवांत बसून राहतो. कुठेच न जोडलेला शोधत राहतो आणि राउटर उठला की लगेच परत येतो. दादाला एवढं आवर्जून सांगितलं की वाय-फायच्या चित्रावर जाऊन ‘डिस्कनेक्ट’ दाबायचं नाही. हातानं तोडलं की विंडोज समजतं, यांना हे नकोय, आणि आपण परत हातानं जोडेपर्यंत आपणहून तिकडे जात नाही.

घरी किंवा दुकानात गोष्ट वेगळी असते. तिथे दोन-तीन नेटवर्कं चालणार असतात, फक्त चांगलं आलं की त्यावर परत जावं एवढंच हवं असतं. त्यासाठी कमी पसंतीच्या नेटवर्काच्या प्रोफाइलमध्ये (लॅपटॉपनं ठेवलेल्या त्याच्या नोंदीत) ऑटोस्विच चालू करता येतं. मग त्यावर असतानाही विंडोज वरच्या नावाच्या शोधात राहतं. ते नेटवर्क आपोआप जोडणाऱ्यांपैकी असेल तरच हे लागू होतं. लिनक्सवाल्यांना नेटवर्क मॅनेजरमध्ये प्रत्येक जोडणीला आकडाच देता येतो, मोठा आकडा आधी, न दिल्यास शून्य. हे मला सर्वांत सरळ वाटतं. मॅकवर पूर्वी नावं ओढून क्रम लावता यायचा. २०२२ च्या व्हेंचुरापासून तिथेही टर्मिनल उघडावं लागतं.

राउटर दगडी भिंतीआडून काढून अंगणाकडच्या खिडकीत ठेवला. ४५ टक्क्यांचे ६४ झाले. दुकान, पंचायत आणि संस्था तिघेही सहा नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या एकाच लहरीपट्ट्यावर बोलत होते, गर्दी टाळायला संस्थेला ११ वर नेलं.

सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ती लॅपटॉपच्या पहिल्या पानावर ठेवली. तीवर उजवं बटण दाबून ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की संस्था परत पहिली, बाकी सगळे फक्त हातानं जोडायचे, आणि शेवटी लॅपटॉप ज्यावर आहे त्या नेटवर्काचं नाव मोठ्या अक्षरांत समोर. दादाकडून ती तीनदा चालवून घेतली.

ऑगस्टमध्ये फायबर पुन्हा तुटली. दादानं दुकानाचं वाय-फाय हातानं घेतलं, संघाला आकडे पाठवले, फाइल चालवली आणि संध्याकाळच्या संकलनाला लागला. मला फोन आला नाही. हे मला कळलं ते पुढच्या आठवड्यात, वेगळ्याच कामासाठी गेले तेव्हा. त्या दिवशी राउटरच्या पानावर ६३ दिवस लिहिलं होतं. हॉलमध्ये ११७ नंबरच्या आजी किटली रिकामी करून उभ्या होत्या. पावती हातात आल्यावर त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचला, मग लिटर, मग फॅट, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि दादाला म्हणाल्या, “सहा पॉइंट आठ. आज सरकी घातलीया तिला.”